वॉल्थमस्टोचं जुनं घर, क्रॉयडनचा फ्लॅट आणि दोन ईपीसी

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आम्हाला लंडनमधल्या दोन घरांची ईपीसी, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमतेची प्रमाणपत्रं, एकदमच काढावी लागली. सासूबाईंच्या तब्येतीसाठी दोन-तीन वर्षं पुण्यात राहायचं ठरलं होतं. राहतं घर भाड्याने द्यायचं आणि क्रॉयडनचा फ्लॅट विकायचा, असा बेत होता. दोन्हींची प्रमाणपत्रं २०१५ ची. ईपीसी दहा वर्षं चालते, त्यामुळे दोन्ही नुकतीच संपली होती. इथे नवी ईपीसी मागवल्याशिवाय घर विकायला किंवा भाड्याने द्यायला बाजारात आणता येत नाही आणि जाहिरातीतही तिची श्रेणी द्यावी लागते. इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे अशी एखादी जुनी ‘टेरेस’, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं रांगेतलं घर, आणि एखादा नवा फ्लॅट असतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे फ्रिजवर बीईईचे तारे असतात, तसंच हे घराचं लेबल. ए ते जी अशा श्रेणी असतात आणि त्यामागे गुण असतात: ६९ ते ८० ला सी, ५५ ते ६८ ला डी, ३९ ते ५४ ला ई. विकताना कुठलीही श्रेणी चालते. भाड्याने द्यायचं असेल तर मात्र किमान ई हवी. नव्या भाडेकरारांना हा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि चालू करारांना १ एप्रिल २०२० पासून. त्याखाली असाल तर ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करून घर सुधारायचं, किंवा सूट मिळण्याचं कारण दाखवून तशी नोंदणी करायची. हे न करता घर भाड्याने दिलं तर दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यायला हवी. हे गुण तुमच्या बिलावरून काढत नाहीत. घराचा आकार, भिंती, छत, खिडक्या, बॉयलर पाहून, त्या घरात सर्वसाधारण कुटुंब राहिलं तर ऊब, गरम पाणी आणि दिवे यांवर किती पैसे जातील, याचा तो हिशेब असतो. तुम्ही हिवाळाभर दोन स्वेटर घालून बसा की हीटिंग चोवीस तास चालू ठेवा, श्रेणी बदलत नाही.

असेसर, म्हणजे घर तपासून ईपीसी देणारा माणूस, शोधणं सोपं आहे. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळच्या मान्यताप्राप्त असेसरांची यादी येते. जुन्या ईपीसीही तिथेच फुकट पाहता येतात, स्वतःच्याच नाही तर शेजाऱ्यांच्यासुद्धा. आमच्या एजंटने सांगितलेल्या दराच्या जवळपास निम्म्यात यादीतल्या एक बाई तयार झाल्या. दोन्ही घरं त्यांनीच पाहिली.

वॉल्थमस्टो व्हिलेजमधलं घर १८९० च्या दशकातलं. आधीच्या मालकाने काढलेल्या ईपीसीत त्याला ४८ गुण, म्हणजे ई. काठावर नव्हतं, पण निश्चिंत व्हावं असंही नव्हतं. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने प्रस्ताव मांडला होता, की भाड्याच्या घरांना २०३० पर्यंत सी गाठावी लागेल. त्यामुळे एकेक गुण महत्त्वाचा वाटत होता.

असेसर बाई आत येण्याआधी फुटपाथवर उभ्या राहून विटाच बघत होत्या. विटेची लांब बाजू, मग टोक, मग लांब बाजू अशी रचना दिसली, म्हणजे विटा भिंतीत आडव्या आरपार गेल्या आहेत. भिंत भरीव, नऊ इंची. नुसत्या लांब बाजू दिसल्या असत्या तर बहुधा मध्ये पोकळी असलेली दुहेरी भिंत निघाली असती, जशी इथे १९२०-३० नंतर सर्रास झाली. मग दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजून त्यांनी खात्री केली. पुण्यातल्या वाड्यांच्या जाड भिंती उन्हाळ्यात किती गार असतात हे आपण अनुभवलेलं असतं, त्यामुळे जाड भिंत म्हणजे चांगली भिंत हे डोक्यात पक्कं असतं. पण इथे बाहेर पाच अंश आणि आत वीस अंश असं महिनोन्‌महिने चालतं. तेव्हा भरीव वीट उष्णता सतत बाहेर सोडत राहते. हिशेबात अशा भिंतीचा उष्णता-वहनाचा आकडा १.७ धरतात. आज इंग्लंडमध्ये नवं घर बांधताना तो ०.२६ च्या वर जाऊ देत नाहीत. आमचं घर रांगेतलं मधलं. दोन्ही बाजूंना शेजारी असल्यामुळे तिकडून उष्णता जात नाही, तेवढा आधार.

आत आल्यावर काम बारकाईचं होतं. जून २०२५ पासून आधीच बांधून झालेल्या घरांसाठी हिशेबाची नवी पद्धत आली आहे. तिच्यात प्रत्येक खिडकी वेगळी मोजतात. पूर्वी घराच्या वयावरून काचेचं क्षेत्रफळ गृहीत धरत. समोरच्या ‘बे’मधल्या, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या भागातल्या, वरखाली सरकणाऱ्या मूळ लाकडी खिडक्या आम्ही ठेवल्या आहेत आणि आतून काचेची दुसरी चौकट बसवली आहे. तिची नोंद झाली. शेकोट्या उघड्या आहेत की बंद केलेल्या, हे पाहिलं. बॉयलरचा मॉडेल नंबर लिहून घेतला, कारण त्यावरून त्याची कार्यक्षमता अधिकृत यादीतून मिळते. रेडिएटरवरचे व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट, एलईडी दिवे, सगळं मोजून झालं.

मग पोटमाळा. तुमच्याकडे असेसर येणार असेल तर आदल्या दिवशी माळ्याच्या झाकणाखालचं सामान हलवा आणि शिडी तयार ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. २०१५ मध्ये हे झाकण रंगाने चिकटून बसलेलं होतं. असेसरला वर जाता आलं नव्हतं आणि कागदावर इतकंच आलं, की माळ्यावर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नाही असं गृहीत धरलं आहे. या वेळी बाई वर चढल्या, लोकरीच्या थरात पट्टी खुपसली आणि २७० मिलिमीटर असा फोटो काढला. असेसर भिंत फोडत नाही, फळ्या उचकटत नाही. डोळ्यांना दिसतं ते आणि कागदाने सिद्ध होतं ते, एवढंच तो धरतो. बाकी सगळं घराच्या वयावरून, आणि व्हिक्टोरियन घराच्या बाबतीत ते गृहीतक कठोर असतं.

समोरच्या खोलीच्या लाकडी जमिनीखाली आम्ही काही वर्षांपूर्वी तुळयांच्या मध्ये लाकडी तंतूंचं इन्सुलेशन भरून घेतलं होतं. वरून पाहणाऱ्याला तिथे नुसत्या फळ्या दिसतात. पण नवऱ्याने काम चालू असताना फोटो काढले होते आणि सुताराच्या बिलावर घराचा पत्ता, तारीख आणि वापरलेलं साहित्य लिहिलेलं होतं. दोन्ही दाखवल्यावर ते मान्य झालं. बिलावर नुसतं ‘जमिनीचं काम’ असं असतं तर ती खोली हिशेबात उघडीच राहिली असती.

निकाल ६३, म्हणजे डी. भाड्याने द्यायचा प्रश्न सुटला.

आता अहवालातल्या शिफारशींबद्दल. २०१५ च्या ईपीसीत पहिलीच शिफारस होती भिंतीला आतून किंवा बाहेरून इन्सुलेशन, अंदाजे खर्च ४,००० ते १४,००० पौंड. या वेळीही भिंतच वर आहे. ही शिफारस संगणकाने दिलेली असते, तिला तुमची भिंत माहीत नसते. आमची गल्ली संवर्धन क्षेत्रात येते, बाहेरून थर चढवायचा तर कौन्सिलची परवानगी लागते. आणि आतून? चुन्यात बांधलेली ही भिंत पावसाचं पाणी थोडं शोषते आणि पुन्हा सोडते. आतून फोमचे बोर्ड आणि प्लास्टिकचा पडदा लावला की वीट थंड पडते, ओल आत अडकते, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजू शकतात. काही गुणांसाठी सव्वाशे वर्षं टिकलेल्या घराला हे करणं मला पटत नाही. जमिनीखालच्या हवेसाठी ठेवलेल्या जाळीच्या विटा थंडी येते म्हणून बुजवणारेही मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, लाकडी जमिनीचं आयुष्य त्या हवेवरच असतं.

फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे सगळं सोपं जाईल असं एजंटही म्हणाला होता. क्रॉयडनमध्ये १९६० च्या दशकातल्या ऑफिसांच्या काँक्रीटच्या इमारती भरपूर. २०१३ मध्ये नियम सैल झाल्यावर त्यातल्या बऱ्याच इमारतींचे फ्लॅट झाले. आमचा २०१५ चा. दुहेरी काचा, वर-खाली शेजारी, एकच भिंत बाहेरच्या बाजूला. जुन्या ईपीसीत ७८ गुण. नव्या हिशेबाचा मसुदा आला ६२ चा. चकाचक फ्लॅट आमच्या जुन्या घराच्याही खाली!

बाईंनी तो नोंदवण्याआधी फोन करून कारणं सांगितली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पहिलं कारण भिंतीचं वय. इमारतीचा सांगाडा साठच्या दशकातला, आणि रूपांतराच्या वेळी भिंती त्या काळच्या नियमांप्रमाणे सुधारल्या याचा कागद समोर नव्हता. दुसरं कारण विजेचे पॅनेल हीटर. श्रेणी पैशांवर ठरते आणि इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळपास चौपट महाग आहे. फ्लॅट उबदार आहे, कार्बनच्या बाबतीत आमच्या गॅस बॉयलरपेक्षा कितीतरी चांगला आहे. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंदही झालं. पण मोठ्या अक्षरातल्या श्रेणीत यातलं काही उतरत नाही. एकाच आकड्याऐवजी घराचं कवच, हीटिंग आणि खर्च वेगवेगळे दाखवावेत असा सरकारी प्रस्ताव डिसेंबर २०२४ मध्ये आला, तो मला म्हणूनच योग्य वाटतो.

हीटर बदलणं आमच्या हातात नव्हतं, कागद शोधणं होतं. इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीला ईमेल करत राहिलो, उत्तरं उशिरा आणि अर्धवट आली. शेवटी २०१५ च्या खरेदीच्या वेळी आमच्या सॉलिसिटरने पाठवलेल्या फाइलमध्येच बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्यांचा, पूर्णत्वाचा दाखला सापडला. रूपांतराचं वर्ष त्याने सिद्ध झालं. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाला आम्ही खोके रचून ठेवले होते, ते काढल्यावर टाकीचं इन्सुलेशन आणि थर्मोस्टॅटही नीट नोंदवता आले. अंतिम आकडा ७१, म्हणजे सी. विकत घेणाऱ्या मुलीला पुढे तो भाड्याने द्यायचा होता, तिचा पहिला प्रश्न श्रेणीचाच होता.

वॉल्थमस्टोच्या घराला सीसाठी अजून सहा गुण हवेत. मागच्या खोलीची जमीन आणि स्वयंपाकघराची बाहेरची भिंत, एवढंच करायचं ठरवलं आहे. भिंतीला आतून लाकडी तंतूंचे बोर्ड आणि वर चुन्याचा गिलावा, म्हणजे ओल ये-जा करू शकेल. भाडेकरू बदलतील त्या मधल्या काळात काम होईल. सुताराला आत्ताच सांगून ठेवलं आहे, की बिलावर पत्ता, तारीख, साहित्याचं नाव आणि थराची जाडी लिहायची आणि फळ्या बंद करण्याआधी पट्टी धरून फोटो काढायचे.