पायाळू

दुपारी जेवून जरा लवंडले होते, हातात मोबाइल. त्यावर एक गोरा गृहस्थ शेतातून काठी फिरवत चालला होता. काठीच्या टोकाला ताटाएवढं चक्र, कानावर हेडफोन. जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, मेटल डिटेक्टर. आवाज आला की गुडघे टेकायचे, माती उकरायची. बाटलीचं झाकण निघालं. उठला, पुन्हा चालू लागला. खिळा निघाला. माझी झोप उडाली ती उडालीच.

इंग्लंडात हा नाद पुष्कळांना आहे. २०२१ साली डेव्हनमध्ये अशाच एकाला शेतात तिसऱ्या हेन्रीचं सोन्याचं नाणं मिळालं, १२५७ च्या सुमाराचं. जगात अशी आठेक उरली असतील. त्या भल्या माणसाला ते काय आहे हेही ठाऊक नव्हतं. त्याने फोटो टाकला आणि तो एका लिलाववाल्याच्या नजरेस पडला. पुढच्या जानेवारीत नाणं विकलं गेलं, सगळं धरून साडेसहा लाख पौंडांच्या घरात. पैशांचं जाऊ दे. मला हेवा वाटला तो भर दिवसा मान खाली घालून फिरण्याचा, आणि तेही कुणी ‘काय गं, काय हरवलं?’ असं न विचारता. मी रस्त्याने खाली बघतच चालते. तुमच्यातलेही काही चालत असणार.

त्या यंत्राची एक गंमत मला फार आवडली. लोखंड वगळ म्हटलं तर ते वगळतं. पण चॉकलेटची चांदी वगळायला सांगितली, तर पातळसं सोन्याचं नाणंही तिच्याबरोबर गप्प होतं. म्हणजे सोनं हवं असेल तर कचरा उपसणं आलंच.

आमच्याकडे यंत्र नव्हतं, धाकटा मामा होता. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, हे आम्हा मावस-मामेभावंडांना पाढ्यांइतकं पक्कं ठाऊक. मे महिन्यात आम्ही त्याच्या मागे मागे. ‘मामा, इथं काही दिसतंय?’ तो कपाळावर हात धरून गंभीरपणे बघायचा आणि म्हणायचा, ‘दिसतंय ना. शेण.’

पण एकदा पहिल्या पावसानंतर त्याला खरंच शिवराई सापडली, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. नांगरटीत, ढेकळाला चिकटलेली, हिरवीगार. आजीने ती तत्काळ चिंचेने घासली. आज एखादा संग्राहक ते बघता तर चक्कर येऊन पडता. हिरवा थर गेला, त्याबरोबर थोडी अक्षरंही गेली असतील. मुळातच ती अपुरी. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ पूर्ण उमटलेली शिवराई नशिबानेच मिळायची. आमच्या नाण्याच्या मागच्या ‘छत्रपति’तलं ‘त्र’ तेवढं ठसठशीत होतं. ते देव्हाऱ्यात गेलं आणि लक्ष्मीपूजनाला ताम्हनात येऊ लागलं.

कायद्याने पाहिलं तर ते कलेक्टरांना कळवायचं. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे: जमिनीत दडलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर काय, कुठे, कधी ते लेखी द्यायचं. दहा रुपये! आता दहा रुपयांत कटिंगही मिळेनासा झालाय. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर तिने कलेक्टरालाही चिंच लावली असती.

मात्र मामा पायाळू आहे हे बाहेर बोलायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. गावात कुणाची कंबर धरली की पायाळू माणसाची लाथ शोधत फिरायचे. आजी त्यांनाही दाद लागू द्यायची नाही. मामाची लाथ फक्त तिच्या कंबरेसाठी राखीव. आम्हाला वाटायचं, हंडा सापडला तर लोक वाटा मागतील म्हणून ही लपवते.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेली अमानुष कृत्यं वेगळी नोंदलेली आहेत. हे मी खूप नंतर वाचलं, आजी गेल्यावर. असा कायदा करावा लागला, म्हणजे तशी माणसं होती, आहेत. ती पायाळू पोरं शोधतात. मामा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता, आणि संध्याकाळी तो घरी यायला जरा उशीर झाला की आजी चूल तशीच टाकून वेशीपर्यंत जायची.