बाबांनी काहीच केलेलं नाही

तासाला कथा घ्यायची तर मी शक्यतो दोनेक पानांचीच घेतो. प्रत्येक क्रियापदापर्यंत पोचता येतं. त्या दिवशीची कथा वर्गातल्याच एका मुलीची होती. घरातलं भांडण, सांगणारी नऊ वर्षांची मुलगी. पहिल्या वाचनानंतर सगळ्यांचं एकमत: बाप भयंकर आहे.

मग भाषाशास्त्रज्ञ हॅलिडेच्या पद्धतीने क्रियापदं वेगळी काढायला लावली. क्रिया कोणत्या प्रकारची, करणारा कोण, झळ कोणाला. फळा अर्धा भरला तोच मागून आवाज आला, ‘सर, बाबांनी काहीच केलेलं नाही!’

खरंच. आवाज चढला. काचेचं भांडं फुटलं. दार आपटलं. ‘बाबांना राग आला’ यातही क्रियापद जुळतं ते रागाशी, बाबा ‘ना’ लावून बाजूला. आणि आई? आईने काचा उचलल्या, आईने फरशी पुसली, आईने मला आत नेलं. ‘ने’ लागलेली एकटी तीच.

एकाने रास्त शंका काढली: आपण बोलतोच तसं, भांडं फुटलंच म्हणतो. मान्य. नुसत्या ‘फुटलं’वरून काही सिद्ध होत नाही, आणि अशी बरीच विश्लेषणं नेमकी इथेच घसरतात. पण ‘फोडलं’ हाताशी असताना, आईला तशी क्रियापदं भरभरून मिळत असताना बाबांच्या वाट्याला एकही येऊ नये? हॅलिडेने १९७१च्या लेखात विल्यम गोल्डिंगच्या ‘द इन्हेरिटर्स’ कादंबरीतला ‘लोक’ नावाचा आदिमानव घेतला होता. समोरचा माणूस धनुष्य ताणतो. लोकला दिसतं एवढंच, की काठी आखूड झाली नि पुन्हा लांबली. त्याला कार्यकारण कळत नाही. आमच्या मुलीला पुरतं कळतं, ती नाव घेत नाही.

‘बाबांनी दार आपटलं’ असं करून वाचलं. कथेची तक्रार झाली.

‘मी हे ठरवून केलं नव्हतं,’ लेखिका म्हणाली. ठरवून करावंच लागतं असं नाही, मी म्हटलं. भाषा बोलताना आपण सतत निवडत असतो. तिला मात्र एक वाक्य बदलायचं होतं: ‘आईने मला आत नेलं’च्या जागी ‘मी आत गेले’. मी विरोध केला. कथाभर नुसती पाहणारी, ऐकणारी मुलगी, तिला ऐनवेळी पाय कसे फुटले? लेखिकेचं म्हणणं, तेवढं तरी त्या मुलीने करावं, नाहीतर सगळं आईच करते.

वाक्य बदललं. मला अजून पटलेलं नाही.