तुम्ही विचारलंत म्हणून : अजिंठ्यात इतका अंधार का?

अजिंठा पाहून आलेले बहुतेक जण मला हेच विचारतात : 'एवढ्या लांब गेलो आणि आत धड काही दिसेना. चांगले मोठे दिवे लावायला काय होतं?'

तुमची चुटपुट मला कळते. पण ती चित्रं दगडावर नाहीत, मातीवर आहेत. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात. आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, नुसता वर बसलाय. पावसाळ्यात खडकाच्या भेगांतून पाणी झिरपतं, गिलावा सुटतो. तुसाला कीड लागते. गर्दीच्या श्वासाने आत दमट होतं. त्यात प्रखर दिव्यांची भर नको.

आणि चित्रं उजळ दिसावीत या हौसेची किंमत अजिंठ्याने आधीच मोजली आहे. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश लष्करी अधिकारी इथे पोचला, दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर आपलं नाव कोरून गेला. पुढे रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराने वर्षानुवर्षं राबून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. पण नकलेसाठी रंग खुलावेत म्हणून मूळ चित्रांवर फासलेलं रोगण भिंतीवरच राहिलं. 1920 नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा नीट बसवला, हे मोठं काम. पण वर लाखेचं रोगणही दिलं. ते पिवळं पडलं, त्यात धूळ अडकली, आकसताना ते रंगाचे पापुद्रे ओढू लागलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ कित्येक दशकं ते थोडं थोडं करून उतरवत आले आहेत. हे काम करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

वाकाटकांच्या काळातला रंग पंधराशे वर्षं टिकलाय. त्याच्यासाठी आपण पाच मिनिटं द्यावीत. उन्हातून थेट पहिल्या लेण्यात घुसू नका. ओसरीच्या सावलीत थांबा, डोळे निवू द्या. मग गाभाऱ्याच्या दाराशी डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणी पाहा. त्याच्या हातातलं कमळसुद्धा दिसतं. फ्लॅश मात्र कुणी मारत असेल, तर तिथल्या तिथे अडवा.