साठ रॉकवेल, तरीही मऊ

चाकूच्या कारखान्यात आहे म्हटलं की लोकांना आधी घण आठवतो. लालबुंद सळई, ठिणग्या, ऐरणीशी उभा घामाघूम लोहार. मी जर्मनीत झोलिंगेनला नोकरी करतो, सुऱ्या-कात्र्यांच्या गावात. पुण्याहून कुणी आलं की मेर्शाइडच्या हेंड्रिक्स घडाईखान्यात नेतो. कात्र्यांचा हा कारखाना 1886 साली सुरू झाला, 1986 साली बंद पडला आणि आता म्युझियम आहे. तिथे घण पडायला लागला की सगळ्यांचे मोबाइल वर. मग वुपर नदीकाठच्या जुन्या कोटनमध्ये, म्हणजे पाणचक्कीवर चालणाऱ्या धारघरात नेलं की हीच मंडळी दहा मिनिटांत जेवायचं कुठे म्हणून विचारतात.

आता खरं सांगतो. घडाई महत्त्वाची आहेच. अकराशे अंशांच्या आसपास तापवलेली सळई खालच्या साच्यात ठेवतात, वरचा साचा घेऊन घण पडतो आणि मोजक्या ठोक्यांत पातं, पात्याच्या बुडाशी असणारा जाड कंठ आणि मुठीत जाणारी शेपटी, सगळं एकसंध तयार होतं. कडेनं बाहेर आलेलं पोलाद छाटून टाकतात. पण त्या वेळी हातात येतं ते चाकूच्या आकाराचं जाडजूड पोलाद. त्यानं लोणीसुद्धा नीट कापलं जाणार नाही. पुढे पाणी देणं, म्हणजे तापवून बुडवून कडक करणं, मग सरळ करणं, घासणं, पॉलिश, मूठ. सुरी होते ती तिथे.

पाणी देण्याचं खातं माझं. मी मेटलर्जीवाला. आमच्या साध्या कार्बन पोलादाच्या पात्यांत सुमारे पाऊण टक्का कार्बन असतो. आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवली की ती काचेसारखी ठिसूळ होतात. मग 180 ते 200 अंशांवर थोडी नरमवायची की कठीणपणा रॉकवेल मापावर साठच्या आसपास येऊन बसतो. न गंजणाऱ्या पोलादाच्या सुऱ्या, ज्यांवर बारीक अक्षरांत X50CrMoV15 लिहिलेलं असतं, त्या छप्पन-अठ्ठावन्नवर थांबतात. दोन-चार आकड्यांचा फरक किरकोळ वाटेल. पण कठीण पोलादाची धार जास्त बारीक काढता येते आणि ती टिकते, आणि त्यासाठीच गिऱ्हाईक कार्बनच्या सुरीचे नखरे सोसतं. (नातेवाईकांना मी ती देत नाही. कैरी चिरून रात्रभर सिंकमध्ये टाकली की सकाळी काळी पडते आणि फोन मला येतो.)

तेलात बुडवलेलं पातं हमखास वाकतं. ते सरळ करणाऱ्याकडे एकदा बघत बसावं. बाहेर आलेल्या बाजूवर हाणून सपाट करायचं, असं कुणालाही वाटेल. कडक पोलाद तसं ऐकत नाही, मोडतं. हा गडी पातं उलटं धरतो आणि आत गेलेल्या बाजूवर, निमुळत्या तोंडाच्या हातोडीनं, बारीक बारीक टिचक्या देतो. प्रत्येक टिचकीसरशी तिथलं पोलाद केसभर ताणलं जातं, ती बाजू लांबते आणि पातं आपोआप सरळ होतं. मधूनच उजेडाकडे धरून एका डोळ्यानं पाहायचं, की पुन्हा टिचकी. याचं यंत्र आमच्याकडे आणून पाहिलं होतं. कोपऱ्यात झाकून ठेवलंय.

तर, गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. ते आठवडे म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचा शिंपी. प्रत्येकाला कालच माल हवा असतो. भाजीच्या छोट्या कार्बन सुऱ्यांची एक मोठी लॉट माझ्याकडून पास होऊन घासायला गेली, यंत्रावर घासली गेली, परत तपासली, पुन्हा पास. मग शेवटच्या पॉलिशसाठी ती आमच्या म्हाताऱ्या शिकलगाराकडे गेली. निवृत्तीचं वय कधीच उलटलेला माणूस, आठवड्यातले थोडे दिवस येतो, सगळे त्याला माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणतात. त्याची आजी डोक्यावर टोपली घेऊन घासलेली पाती नदीवरच्या कोटनमधून वर गावातल्या व्यापाऱ्यांकडे पोचवायची. अशा बायकांना इथे लिव्हरफ्राउएन म्हणत. आजोबा वालुकाश्माच्या चाकावर घासायचे, आणि त्या धुळीनं फुप्फुसं जाऊन झोलिंगेनचे शिकलगार कसे लवकर मरायचे हे माइस्टर हवामान सांगितल्यासारखं सांगतो.

त्याचं काम म्हणजे ब्लाऊप्लीस्टन. चामडं चढवलेलं लाकडी चाक, त्यावर चरबीत कालवलेली एमरी, म्हणजे घासायची अतिशय बारीक पूड, आणि चाकाचा वेग कमी. पातं त्यावरून असं फिरवायचं की पृष्ठभाग जवळपास आरशासारखा होतो आणि तिरप्या उजेडात निळसर झाक मारतो. हे करू शकणारे हात आता गावात फार थोडे उरलेत. आमच्या वरिष्ठांना ते ठाऊक आहे. जाहिरातीच्या व्हिडिओत माइस्टरचे हात दरवर्षी असतात. शिकाऊ मुलं घ्यायला मात्र गेल्या काही वर्षांत पैसे नव्हते.

त्या सकाळी तो माझ्या लॅबमध्ये आला, टेबलावर एक पातं ठेवलं आणि म्हणाला, ‘हे तू पास केलंस?’

मी कागद दाखवला. साठ. शेजारच्या पात्याचे साडेएकोणसाठ. त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठा पुढे केला, नखावर पात्याची धार जवळजवळ आडवी टेकवली आणि हलकेच दाबत बुडापासून टोकापर्यंत नेली. ही झोलिंगेनची जुनी नखपरीक्षा. धारेमागचं पोलाद इतकं पातळ असलं पाहिजे की नखावरून जाताना ते डोळ्यांना दिसेल असं लवतं. धारेवर एक छोटीशी लाट उठते आणि नखाबरोबर पुढे पळते. ही लाट नवख्या गिऱ्हाइकानं पाहिली तर तो सुरी खराब आहे म्हणून परत करील. आमच्याकडे तशा तक्रारी येतात.

‘आता नीट बघ,’ तो म्हणाला. नख पुढे गेलं, लाट पुढे गेली, पण मागे धार पूर्ण सरळ झाली नाही. खिडकीकडे धरल्यावर धारेवर पुसटशी वळी दिसली, भिंग लावल्यावर पक्की. त्यानं खिशातून आपली स्वतःची जुनी सुरी काढली, तिच्यावर तेच केलं. लाट गेली आणि धार ताठ.

साठ रॉकवेलचं पोलाद लवून परत सरळ होतं. वाकलेलं तसंच राहतं ते मऊ पोलाद.

हे माझ्या यंत्रानं का पकडलं नाही याला सरळ कारण आहे, आणि बाहेरच्यांना ते सहसा माहीत नसतं. रॉकवेलच्या मोजणीत हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भारानं पोलादात रुततो. साठ आकडा म्हणजे तो साधारण 0.08 मिलिमीटर रुतला. मोजमाप खरं यायचं तर खालची जाडी त्याच्या दहापट तरी हवी, म्हणजे 0.8 मिलिमीटर. धारेमागे आमच्या सुरीची जाडी 0.2 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे मी मोजतो ते पाठीजवळ, बुडाशी, जिथे पोलाद जाड असतं. कापायची असते धार, आणि दाखला मी देतो पाठीचा. आमच्या धंद्यात सगळीकडे असंच चालतं, नियमाला धरून.

मग पातं कापलं, राळेत बसवलं, घासून गुळगुळीत केलं आणि नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल, लावलं. सूक्ष्मदर्शकाखाली धारेचं टोक काळपट झालेलं दिसलं, साधारण अर्धा मिलिमीटर. बाकी सगळं पातं निरोगी. सूक्ष्म भारावर व्हिकर्स, म्हणजे पातळ जागीही घेता येणारं कठीणपणाचं दुसरं माप, मोजलं तर आत सातशेच्या आसपास आणि त्या काळ्या पट्ट्यात साडेपाचशेच्या खाली. जळालेली धार. घासताना तापून नरमलेली.

पोलाद तापलं की रंग दाखवतं. आधी गवती पिवळा, मग जांभळा, तीनशे अंशांच्या आसपास निळा. घासणाऱ्याला धारेवर निळी रेघ दिसली की तो थांबतो. पण आमचं यंत्र घासून झालं की लगेच पुढच्या चाकावर पातं चकचकीत करतं आणि पहिल्याच फेऱ्यात तो रंग निघून जातो. मऊपणा आत राहतो, पुरावा बाहेरून पुसला जातो. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते, दुकानदाराला काचेच्या कपाटात चकाकी हवी असते, आणि चकाकीनं काय काय झाकता येतं ते मला त्या दिवशी कळलं.

चुकलं कुठे हे शोधायला फार वेळ लागला नाही. घासायच्या चाकाचे कण झिजले की ते गुळगुळीत होतं, मग ते कापत नाही, नुसतं रगडतं, आणि रगडलं की तापतं. म्हणून हिऱ्यानं ठरावीक पात्यांनंतर चाकाचं तोंड पुन्हा उघडावं लागतं. प्रत्येक वेळी चाक थोडं संपतं. खर्च कमी करायचा म्हणून कुणीतरी एक्सेलमध्ये दोन उघडण्यांमधला हा अवकाश वाढवला होता. त्यात थंड पाण्याच्या नळीचं तोंड घासलेल्या पोलादाच्या चिखलानं अर्धं बुजलेलं. यंत्रावरचा पोरगा चांगला आहे, पण त्याला पाती मोजायला सांगितलीत, ऐकायला नाही. गुळगुळीत चाकाचा आवाज वेगळा येतो. माइस्टर तो दाराबाहेरून ओळखतो.

दुपारी बैठक. न पाठवलेला माल थांबवला, त्यावर वाद झाला नाही. माइस्टर तो हातानं, पाण्याखाली, मिलिमीटरभर मागे घासून देणार असं ठरलं. सुऱ्या किंचित अरुंद होतील, पण धार खऱ्या पोलादाची होईल. अडलं ते आधीच गेलेल्या मालावर. दर्जा खात्याच्या साहेबांचं म्हणणं, नमुन्यात लिहिलेल्या जागी लिहिलेला कठीणपणा मिळतोय, माल नियमात बसतो. मी झोलिंगेनचा नियम काढला. या गावाच्या नावाला 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे, सध्याचा नियम 1994 चा. लोकांना त्यातलं एवढंच पाठ असतं की मुख्य काम याच भागात झालं पाहिजे. पण त्यात हेही आहे की माल कच्च्या मालानं आणि कारागिरीनं आपल्या कामाला लायक असला पाहिजे. साहेब म्हणाले, ‘टोमॅटो कापतेच की.’ कापते. पहिले काही आठवडे छान कापते. मग बोथट होते आणि गिऱ्हाईक स्वतःला दोष देतं, किंवा फळीला. दोन-तीनदा दगडावर घासली की जळालेला भाग निघून जातो आणि सुरी अचानक चांगली होते, तेव्हा त्याला वाटतं आपल्याला धार लावायला जमायला लागलं. त्यामुळे तक्रार येणार नाही हा साहेबांचा अंदाज बरोबर ठरला. अजून एकही आलेली नाही. माझा अहवाल फोटोंसकट फाइलमध्ये आहे.

चाकाचा अवकाश पुन्हा पहिल्यासारखा केला, नळीपुढे जाळी बसवली. आणि मला काम मिळालं: नखपरीक्षेची लेखी पद्धत तयार कर. किती अंशांचा कोन, किती दाब, लाट किती लांबीची चालेल. मी दोन पानं लिहिली. माइस्टरनं ती उभ्या उभ्या वाचली आणि विचारलं, ‘नख कुणाचं?’ त्याचं नख इतक्या वर्षांत शिंगासारखं जाड झालंय. जानेवारीत अखेर एक शिकाऊ मुलगी घेतली, तिचं नख कागदासारखं. तेवढ्याच दाबानं तिच्या नखावर लाट वेगळी दिसते. पद्धतीत नखाची जाडी घालायची सूचना वरून खरंच आली.

ती पानं अजून मसुदाच आहेत. शिकवणं चालू आहे ते दुसऱ्याच रीतीनं. जळालेली काही पाती माइस्टरनं घासायला न घेता बाजूला ठेवली होती. ती चांगल्यांत मिसळतो, मुलीसमोर टाकतो आणि वेगळी कर म्हणतो. ती निवडते, मी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. सुरुवातीला ती अंदाजानं चालायची. आता माइस्टरचं आणि तिचं क्वचितच वेगळं पडतं.

मागच्या आठवड्यात दोन पात्यांवर पडलं. ती म्हणते मऊ, तो म्हणतो चांगली. निकाल लावायचा तर मला ती कापावी लागतील. पण तिचं खरं असेल तर शिकवायला उरलेली मऊ पाती तेवढीच आहेत, कारण यंत्र आता तशी बनवत नाही. मुद्दाम जाळून नवी बनवावीत असं मी सुचवलं तर चाकाच्या खर्चावर कुणाची सही घ्यायची यावर मेल चालू आहेत. दोन्ही पाती माझ्या खणात आहेत, अजून कापलेली नाहीत.