तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला माफीपत्र का लिहायला लावलं

माजी विद्यार्थी भेटले की इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग प्रश्न येतोच. "मॅडम, आम्हाला एकोणीस एक अ, संविधानातलं भाषणस्वातंत्र्याचं कलम, तुम्हीच शिकवलंत ना? मग वादविवादातल्या त्या मुलाला माफी का मागायला लावलीत?" इतकी वर्षं मी "त्याच्या भल्यासाठी" म्हणून विषय संपवते. आता एकदाच सगळं सांगते.

महाविद्यालयाची वादविवाद स्पर्धा होती. विषय, 'सार्वजनिक मिरवणुकांतील डीजेवर पूर्ण बंदी हवी.' बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. त्याला अनुकूल बाजू आली. मुलगा स्वतः ढोलपथकातला, तळहाताला घट्टे पडलेले. चिठ्ठी उघडून म्हणाला, "मॅडम, दुसरी बाजू द्या ना." मी म्हटलं, न पटणारी बाजू मांडता यावी म्हणूनच तर हे करतो आपण.

त्याने मनापासून तयारी केली. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, सगळं पाठ. पण भाषण कोरडं वाटत होतं. मला कबीर आठवला आणि मी शेवटी पेन्सिलीने एक ओळ लिहिली, "देवाला कमी ऐकू येतं का, की आपण एवढा आवाज करावा?"

ती ओळ माझी होती. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा सेकंदांची क्लिप गावभर फिरत होती. त्यात डेसिबल नव्हते, चिठ्ठी नव्हती, फक्त ती ओळ होती. दुपारी फाटकाशी तीसेक जण जमले. पाच जण प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. मला बघून तो उठला आणि त्याने स्वतःची खुर्ची मला दिली. चहा आला. लेखी माफी द्या, नाहीतर तक्रार करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, मिटवून टाका."

मुलगा दाराशी उभा होता. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी बोलेन याची वाट बघत होता. मी फुलस्केप कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने चार ओळी लिहिल्या. 'मी दिलगिर आहे' असं लिहिलं होतं. मी पेन घेतलं आणि 'गि' खोडून 'गी' केलं. बावीस वर्षं वह्या तपासणारा हात आपोआप गेला. खाडाखोड नको म्हणून त्याला तो कागद पुन्हा लिहावा लागला. तुम्ही माफीपत्राचं विचारता, मला मात्र अजून ती वेलांटी दिसते.

माझी बाजूही ऐका. धार्मिक भावना दुखावल्याबद्दलच्या, तेव्हाच्या २९५अ कलमाला जाणीवपूर्वक, दुष्ट हेतू लागतो (आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालं आहे). गुन्हा कोर्टात टिकला नसता, हे मला ठाऊक होतं. पण कोर्टापर्यंत जायच्या आधी पोलीस ठाणं असतं. पालघरच्या दोन मुलींना नोव्हेंबर २०१२ मध्ये अटक झाली, एकीने फेसबुकवर लिहिलं म्हणून आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा इतका गाजावाजा झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं २४ मार्च २०१५ ला. मधली जवळपास अडीच वर्षं कुणी भरून देतं का? त्या मुलाच्या वडिलांची भाजीची गाडी चौकातच उभी असायची. तिथे रोज कोण येणार, ही भीती मला खरोखर वाटली होती. मला भेकड म्हणणाऱ्यांनी त्या चौकात एक दिवस उभं राहून दाखवावं.

पण मग 'ओळ माझी आहे' एवढं म्हणायला काय झालं होतं? माझी नोकरी कायम होती. मला कुणी पोलीस ठाण्यात बसवलं नसतं. फार तर चार दिवस शिव्या मिळाल्या असत्या.

दरवर्षी मी वर्गात र. धों. कर्वे सांगते. विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ मध्ये राजीनामा द्यावा लागला, पुढे समाजस्वास्थ्य मासिक शेवटपर्यंत चालवलं, १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. सांगताना माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं, मॅडम कर्व्यांच्या बाजूच्या. त्या दिवशी केबिनमध्ये मी राजीनामा मागणाऱ्यांच्या बाजूला बसले होते.

२०१५ च्या वार्षिकांकात मी लिहिलं होतं की शांतपणे संवाद केला तर समोरचा ऐकतोच. ते लिहिणाऱ्या बाईंना मी विचारते, आत पाच, बाहेर तीस, याला संवाद म्हणायचं? उलट त्याच मला विचारतात, "पूर्ण भाषण एकदा ऐका, एवढं तरी तू म्हणालीस का?" नाही म्हणाले. आणि खुर्ची देणारा तो मुलगा तिथेच होता. त्याने ऐकलं असतं, असं मला काही रात्री वाटतं. काही रात्री वाटतं, कशाला स्वतःची समजूत घालतेस?

आता स्पर्धेच्या आधी मोबाइल ट्रेमध्ये जमा करून घेते. चिठ्ठ्या बंद केल्या, ज्याला जे पटतं त्याने ते बोलावं. कुणावर न पटणारं बोलायची पाळी येत नाही. पण मुलं आधीपासून जे मानत होती तेच मानत घरी जातात. समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं त्या चिठ्ठीमुळे घडत होतं, आणि ते मी माझ्या हाताने बंद केलं. हे बरोबर केलं का, माहीत नाही.

हे लिहिलेलं आधी त्याला पाठवलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा. दोन दिवसांनी उत्तर आलं, "वाचलं मॅडम. माझं नाव नका टाकू."

टाकलेलं नाही.