ट्यूडर मृत्युपत्र वाचन, अपडेट: डचेस जेन डडली, हिरवा पोपट आणि बरंच काही

मंडळी, सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या जेन डडलीचं मृत्युपत्र एकदाचं उतरवून झालं. दोन-तीन शब्दांपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, पण बाकी मजकूर आता सलग वाचता येतो, आणि सलग वाचल्यावर जे दिसलं ते ओळ-ओळ सोडवताना अजिबात दिसलं नव्हतं. त्यामुळे आजचा अपडेट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बाई कोण हे आधी पटकन सांगते. माहेरची गिल्डफर्ड. नवरा जॉन डडली, हा तिच्याच वडिलांच्या पालकत्वाखाली वाढलेला मुलगा, पुढे ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंड झाला आणि राजा सहावा एडवर्ड लहान होता तेव्हा सगळा कारभार याच्याच हातात. तेरा मुलं झाली. १५५३ च्या जुलैत एडवर्ड गेला, डडलीने आपली सून लेडी जेन ग्रे हिला गादीवर बसवलं, नऊ दिवसांत सगळा डाव उलटला, मेरी राणी झाली, २२ ऑगस्टला डडलीचं शिर उडवलं, आणि १५५४ च्या १२ फेब्रुवारीला मुलगा गिल्डफर्ड आणि सून दोघांचंही. बाकीचे चार मुलगे, जॉन, अँब्रोज, रॉबर्ट आणि हेन्री, लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैद. नवऱ्यासाठी बाईने राणीची भेट मागून पाहिली, मिळाली नाही, राणीच्या जवळच्या बायकांनी शब्द टाकावा म्हणून लेडी पॅजेटला पत्र लिहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. १५५४ च्या शरदात थोरला जॉन कसाबसा सुटला आणि बहिणीच्या घरी, पेन्सहर्स्टला, काही दिवसांतच वारला. आणि १५५५ च्या जानेवारीत चेल्सीच्या घरी ही बाई गेली.

एक गोष्ट नवीन लोकांसाठी. तेव्हा इंग्लंडात कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे तिथल्या कागदांत हा जानेवारी १५५४ म्हणूनच येतो. उतरवताना मी मूळ आकडा तसाच ठेवते आणि शेजारी आपलं साल लिहिते, नाहीतर पुढे टाइमलाइन जुळवताना डोकं फिरतं, मुलगा मेल्यावर आई गेली की आधी गेली हेच कळेनासं होतं.

आता श्रीमंत म्हणावं का हिला? नवऱ्यावर राजद्रोह शाबित झाला की जमीन, भांडी, कपडे, गाद्या, सगळं सरकारजमा. राणीने दया म्हणून चेल्सीचं घर आणि जप्त सामानातलं काही परत दिलं होतं. म्हणजे एकेकाळी देशातल्या सगळ्यात श्रीमंत घराची मालकीण, आणि मरताना मखमलीचे गाऊन पुष्कळ पण डोक्यावर कर्ज. आणि अजून एक, मृत्युपत्र करता आलं तेही विधवा होती म्हणूनच, नवरा जिवंत असता तर त्याच्या परवानगीशिवाय बायकोच्या मृत्युपत्राला काही किंमत नसायची. म्हणून त्या काळातल्या बायकांचा आवाज ऐकायचा असेल तर विधवांची मृत्युपत्रं धरा असं मी सारखी सांगत असते.

वाचनाबद्दल. आपल्यापुढे असतं ते तिच्या हातचं पान नाही, कँटरबरीच्या चर्च कोर्टाच्या नोंदवहीत कारकुनाने उतरवलेली नक्कल असते. तेव्हा मृत्युपत्रं चर्चची कोर्टं मंजूर करायची, आणि मालमत्ता एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत असली की प्रकरण कँटरबरीला जायचं. कारकुनाचं अक्षर म्हणजे नेहमीचं सेक्रेटरी हँड, तेव्हाच्या कामकाजाच्या कागदांचं वळण: सी हा आर सारखा, ई उलटा फिरवलेला, एचची शेपटी ओळीखाली लोंबणारी, आणि एम, एन, यू, आय यांच्या उभ्या काड्या एकापुढे एक, मोजत बसा. विरामचिन्हं जवळपास नाहीतच. मोडी वाचणाऱ्यांना हे सोपं जाईल, ओळीच्या संदर्भावरून अक्षर ओळखायची सवय आधीच असते. माझी पद्धत म्हणजे त्याच कारकुनाच्या हातची, ज्यांचा मजकूर ठरलेला असतो अशी वाक्यं आधी वाचायची, देवाच्या नावाने सुरुवात, आत्मा परमेश्वराला अर्पण, वगैरे, तिथून त्याची अक्षरं उचलून एक तक्ता करायचा आणि मगच वस्तूंच्या यादीला हात घालायचा. व्हेल्व्हेट हा शब्द इथे इतक्यांदा येतो की व्ही आणि यू ची अदलाबदल त्यातच पाठ होते, सुरुवातीला व्ही, मध्ये आला की यू.

वकील न घेता, स्वतःच्या हाताने लिहिलंय बाईने, आणि ते जाणवतं. वकिली मृत्युपत्र खणाखणांचं असतं, आधी जमीन, मग पैसे, मग सामान, मग एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा. हिचं तसं नाही. एका लेकीचं सांगता सांगता दुसरीकडे जाते, मध्येच कोणाचे आभार मानते, मध्येच कोणाला गळ घालते.

आता वस्तू. मेरी सिडनी ही लेक, तिला गाऊन तर आहेतच, शिवाय वडिलांचं घड्याळ, आणि ते दागिन्यासारखं जपून ठेव अशी विनंती. अख्ख्या मृत्युपत्रात मला सगळ्यात जास्त भिडलेली ओळ हीच, कारण बाकीच्या वस्तू बाईच्या आहेत आणि ही त्या माणसाची आहे ज्याचं नाव तेव्हा चारचौघांत घेणंही अवघड. जावई हेन्री सिडनीला चेल्सीच्या गॅलरीतले सोनेरी-हिरवे पडदे, भिंतीवर लावायचे, ज्यांच्यावर नवराबायकोची घराण्याची चिन्हं आहेत. राजद्रोही ठरलेल्याची चिन्हं जावयाच्या भिंतीवर! धाडसच म्हणायचं, पण सिडनीचं दरबारात बरं चाललं होतं, त्याच्याकडे ती सुरक्षित राहणार हे तिला कळत असणार.

दुसरी लेक कॅथरीन. हिचं लग्न लॉर्ड हेस्टिंग्जशी १५५३ च्या २५ मे ला, गिल्डफर्ड आणि जेन ग्रेच्या लग्नाच्याच दिवशी उरकलेलं, आणि मुलगी तेव्हा लहान. असं लहानपणीचं लग्न वयात आल्यावर मोडता यायचं, मुलीला बारा आणि मुलाला चौदा पूर्ण झाल्यावर. सासर मोठं, माहेर पार बुडालेलं, म्हणजे ते लोक हात झटकतील ही भीती खरीच. म्हणून आई मृत्युपत्रात लिहून ठेवते की लॉर्ड हेस्टिंग्जने हिला नाकारलं, किंवा हिने त्याला नाकारलं तर काय. ते ‘किंवा हिने त्याला’ बघा. मरायला टेकलेली, सगळं गमावलेली आई, पण लेकीच्या नकाराची जागा राखून ठेवते. (लग्न टिकलं. हेस्टिंग्ज पुढे अर्ल ऑफ हंटिंग्डन झाला, मूलबाळ झालं नाही, पण कॅथरीनने दुसऱ्यांच्या बऱ्याच मुली आपल्या घरी वाढवल्या.) हिच्या वाट्याला जांभळ्या मखमलीचा गाऊन, उन्हाळ्याचा एक गाऊन, आणि बाह्यांसकट जांभळ्या मखमलीचा कर्टल, म्हणजे गाऊनच्या आत घालायचा झगा. बाह्या वेगळ्या असायच्या, बांधायच्या-सोडायच्या, म्हणून त्यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो, नाहीतर कोणीतरी काढून घेणार.

आणि पोपट. डचेस ऑफ अल्बाला माझा हिरवा पोपट, तुमच्या लायकीचं दुसरं काही माझ्यापाशी नाही. इंटरनेटवर ही ओळ ‘किती क्यूट’ म्हणून फिरते. मला ती क्यूट वाटत नाही. शेजारची नोंद वाचा: डॉन दिएगो या स्पॅनिश सरदाराला हिरव्या मखमलीचा नवा पलंग, सगळ्या सरंजामासकट, आणि सोबत विनंती की माझ्या हयातीत तुम्ही माझ्या मुलांशी वडिलांसारखे, भावासारखे वागलात, आता आई गेल्यावरही तसेच वागा. आता आजूबाजूला काय चाललंय ते बघा. १५५४ च्या जुलैत स्पेनचा राजपुत्र फिलिप इंग्लंडला येऊन मेरीशी लग्न करतो, त्याच्यासोबत हे सगळे स्पॅनिश मोठे लोक, अल्बाचा ड्यूक आणि त्याची बायकोही. फिलिपला आणायला गेलेल्या मंडळींत हेन्री सिडनी होता. नोव्हेंबरच्या ३० तारखेला सिडनीला मुलगा होतो, नाव फिलिपच ठेवतात, धर्मपिता खुद्द राजा फिलिप आणि धर्ममाता कोण, तर ही आजी. म्हणजे इंग्लंडच्या राणीने दार उघडलं नाही तर बाई राणीच्या नवऱ्याच्या माणसांकडून आत शिरली, आणि पोपट, पलंग हे त्याच खात्यातले. उरल्यासुरल्या सामानातून मुलांसाठी वशिला लावतेय ती, आणि गाऊन वाटतानाही हात तसाच चालतो, लॉर्ड कोबमच्या बायकोला फर लावलेला काळ्या मखमलीचा गाऊन वगैरे. मी नोंदींच्या शीटमध्ये आता ‘नातं’ या रकान्याशेजारी ‘मुलांसाठी काय करू शकतात’ असा रकाना टाकलाय, आणि तो भराभर भरतोय.

उपयोग झाला का? हेन्री १५५७ ला फिलिपच्याच लढाईत, सेंट क्वेंटिनला, मारला गेला. अँब्रोज आणि रॉबर्टवरचा राजद्रोहाचा डाग १५५८ मध्ये पुसला गेला. रॉबर्ट म्हणजे पुढे एलिझाबेथचा लाडका अर्ल ऑफ लेस्टर, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आता अंत्यविधीचा भाग, जो मी मुद्दाम शेवटी उतरवला. मला थाटमाट नको, माझी कर्जं फिटू देत, गरिबांना द्या, हे हजारपटीने बरं, या पापी देहाचा डामडौल नको, या जगात त्याने कधीकधी फार उपभोगलंय. चादरीत गुंडाळा, लाकडी पेटीत घाला, मातीत ठेवा. आणि मग ते वाक्य: मेल्यावर मला अजिबात उघडू नका. बायकांसमोरसुद्धा मी कधी मोकळेपणी वावरले नाही, मग कुठल्याही जिवंत पुरुषाच्या हाती, वैद्य असो की सर्जन, जाणं तर मला सोसणारच नाही. मोठ्या घरातल्या मृतदेहांची आतडी काढून, मसाले भरून ठेवायची तेव्हा पद्धत होती, कारण मोठ्या अंत्ययात्रेच्या तयारीला दिवस लागायचे. म्हणजे थाट नको आणि उघडू नका या दोन मागण्या एकमेकींना धरून आहेत, हे मला सलग वाचल्यावर कळलं.

तर, १ फेब्रुवारीला चेल्सीत दफन. लंडनचा हेन्री मॅचिन, ज्याची रोजनिशी आपण सगळे उघडून बसतो, तो लिहितो की निशाणं होती, दोन हेरल्ड, म्हणजे घराण्यांची चिन्हं आणि समारंभ सांभाळणारे अधिकारी, होते, पुष्कळ शोककर्ते होते, मशाली सहा डझन, चर्च अख्खं काळ्या कापडाने मढवलेलं आणि तिच्यावर छत धरून नेलेलं. ऐकलं नाही कोणी! पण मला त्यात निव्वळ आज्ञाभंग दिसत नाही, जगाला दाखवायचं होतं की डडली अजून आहेत, आणि ती जिवंत असती तर तिनेच हिशोब करून होकार दिला असता असं माझं मत. थडगं चेल्सी ओल्ड चर्चमध्ये आहे, चर्चवर १९४१ ला बॉम्ब पडला तरी त्यातून वाचलेलं. पाच लेकी गुडघे टेकून बसल्याची पितळी पट्टी शाबूत, मुलग्यांची नाहीशी झालेली.

पुढचं काम: बेस ऑफ हार्डविक, त्याच काळातली बडी इंग्रज बाई, चार नवऱ्यांची विधवा, मृत्युपत्र १६०१ चं. हे अगदी उलट टोक, सोबत घरांच्या सामानाची खोलीवार यादी जोडलेली, बाईच्या स्वतःच्या पलंगाच्या खांबांवर लाल कापड आणि रुपेरी लेस इथपर्यंत तपशील. आणि १६०३ च्या मार्चमध्ये पुरवणी जोडून थोरला मुलगा हेन्री आणि नात आर्बेला दोघांना साफ उडवलेलं, कारण आर्बेलाने परस्पर लग्न जमवायचा उद्योग केला होता. पुरवणीपासून सुरुवात करावी की यादीपासून, अजून ठरलं नाहीये, कोणी खोलीवार यादी शीटमध्ये कशी बसवायची याचा नमुना केला असेल तर पाठवा, कापडाच्या नावांसाठी वेगळा रकाना असेल तर फारच छान.