पाटणच्या चौकातलं ‘कुहिने फोहर’

नेपाळमधल्या, काठमांडूशेजारच्या पाटणच्या दरबार चौकात गेलो ते कृष्णमंदिर बघायला. सिद्धिनरसिंह मल्ल राजाने १६३७ साली बांधलेलं, अख्खं दगडी, एकवीस शिखरांचं. खालच्या पट्टीत महाभारत कोरलंय, वरच्या पट्टीत रामायण. २०१५च्या भूकंपात शेजारचं हरिशंकर आणि चारनारायण मंदिर कोसळलं, हे तगलं.

मान वर करकरून दुखायला लागली, म्हणून समोरच्या कट्ट्यावर टेकलो. तिथे दोरीला मोठाले फोटो टांगले होते. पर्यटक त्यांना वळसा घालून पुढे जात होते. मीही गेलो असतो, पण एका फोटोखालची ओळ वाचली गेली : ‘कुहिने फोहर’. लिपी आपलीच, त्यामुळे डोळे आपोआप वाचतात. नेपाळीत कुहिने म्हणजे कुजणारा, फोहर म्हणजे कचरा. आपल्या भाषेत ओला कचरा!

फोटोत एक बाई फावड्याने खताचा ढीग उलटत होती. ढिगातून वाफ निघत होती, एवढी की तिचा चेहरा अर्धा पुसला गेला होता. खत नीट कुजत असलं की आतून असंच तापतं. पुढच्या फोटोत नुसते हात : नखांत काळी माती, मनगटाला मोहरीचं पान चिकटलेलं. मी त्या पानापाशीच अडकलो.

शेजारी उभे असलेले दाजू (नेपाळीत दादा) कचऱ्याच्याच कामातले निघाले. सकाळी शिट्टी वाजवत घरोघरचा कचरा उचलतात. माझ्या हिंदीत आणि त्यांच्या नेपाळीत गप्पा झाल्या. पूर्वी इथल्या मूळच्या नेवार लोकांच्या घरांमागे ‘सागा’ नावाचा खड्डा असायचा, स्वयंपाकघरातलं सगळं त्यात, आणि तिथलं खत शेतात. आता काठमांडू खोऱ्यातल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओलाच, पण ट्रकमध्ये बहुतेक सगळा एकत्र. खताला नेपाळीत ‘मल’ म्हणतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. आपण मळ म्हणतो तो धुऊन टाकायचा, त्यांचा मल शेतात घालायचा. पुण्यात आमच्या दारी येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना हे सांगायला हवं, त्या मनापासून हसतील.

बोलता बोलता मी दोन संत्री खाल्ली, सालं प्लास्टिकच्या पिशवीत भरली, तिला गाठ मारली आणि कोपऱ्यातल्या हिरव्या बादलीत टाकली. दाजू काही बोलले नाहीत. उठले, पिशवी बाहेर काढली, गाठ सोडली, सालं बादलीत उपडी केली आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली.